काठाचा हिशेब : वैनगंगा खोऱ्यातील तलाव, धान आणि नियोजन

वैनगंगेच्या खोऱ्यात शेत कुठे संपते आणि तलाव कुठे सुरू होतो, हे सांगण्याआधी महिना विचारावा लागतो. सप्टेंबरात ज्या जागी गुडघाभर पाणी आणि कमळाची पाने असतात, तिथेच जानेवारीत कुणीतरी हरभरा टाकलेला असतो. मार्चमध्ये तिथे गुरे चरतात आणि मे महिन्यात गावातली पोरे क्रिकेट खेळतात. जमीन एकच, पण वर्षातून चार वेळा तिचा धनी बदलतो. महसुली कागदावर मात्र तिला बारा महिने एकच नाव आहे, आणि नदीखोऱ्याचे नियोजन करणारा अधिकारी तेवढे नाव वाचून पुढे जातो.

पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन आणि शेतजमिनीचा वापर यांची सांगड कशी घालायची, हा या संकलनाचा विषय. असे विषय बहुतेकदा हवेत मांडले जातात. दोन्ही बाजूंना चार-चार सद्गुण बहाल करायचे आणि शेवटी ‘समतोल साधला पाहिजे’ असे म्हणून मोकळे व्हायचे. तसे होऊ नये म्हणून एकच खोरे आणि त्यातले एकाच जातीचे जलसाठे निवडले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा पट्टा मिळून सहा-सात हजारांच्या घरात असलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, हे ते जलसाठे.

खोरे आधी नजरेखालून घालू. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटला वळसा घालून महाराष्ट्रात येते आणि चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते. पुढे तेच पाणी सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. वाटेत बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी, अंधारी अशा नद्या तिला येऊन मिळतात. पाऊस साधारण १३०० मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला हेवा वाटावा इतका. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि त्यातलाही मोठा भाग मोजक्या दिवसांत. जमीन उताराची आणि खडकाळ. पावसाचे पाणी धरून ठेवले नाही तर ऑक्टोबरात धान वाळते. तलाव झाले ते या एका गरजेपोटी.

ते बांधले कोहळी समाजाने. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची रीत घातली, असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे नवेगावबांध मराठी वाचकाला घरबसल्या ठाऊक झाले, पण ते जंगल आणि पक्ष्यांचे ठिकाण म्हणून. तो तलाव मुळात धानाच्या ओलितासाठी बांधला, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. आज ज्याला आपण निसर्ग समजून जपू पाहतो, तो एका शेतकरी समाजाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी मातीच्या टोपल्या वाहून उभा केला आहे. या विषयाला हात घालणाऱ्याने एवढे गाठीशी बांधून ठेवावे. शेती की पाणथळ, असा सामना इथे लावताच येत नाही, कारण इथली पाणथळच शेतीच्या पोटी जन्मलेली आहे.

तलावाची रचना सोपी दिसते, पण त्यात बरीच अक्कल आहे. मंद उताराच्या जमिनीवर, दोन टेकड्यांच्या किंवा उंचवट्यांच्या मधे मातीची पाळ घालायची. पाळीकडची बाजू खोल, आणि वरच्या अंगाला पाणी पातळ होत होत जमिनीत मिसळून जाते. एका तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तिथून त्याखालच्या बोडीत, आणि शेवटी नाल्यावाटे नदीला. अशी साखळी असल्यामुळे वरच्या गावाने पाणी अडवले तरी खालच्याचे घर बसत नसे. पाळीखालच्या बांध्यांत भारी धान, त्यापुढे मध्यम, आणि उंचावरच्या जमिनीत लवकर येणारे हलके धान, अशी वाटणी पाण्याच्या पोचीप्रमाणे ठरलेली.

वर्षाचे वेळापत्रक असे. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकायचे आणि जुलैत रोवणी. ऑगस्टपर्यंत शेताला तलावाची फारशी गरज नसते, त्या काळात तलाव भरत असतो. खरी परीक्षा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस पाठ फिरवतो आणि नेमके तेव्हाच भारी धान निसवायला लागलेले असते. त्या वेळी एक पाणी चुकले तर लोंबी उभी राहते पण दाणा पोचट निघतो. मामा तलावाने शेतकऱ्याला दिलेले सगळ्यात मोठे देणे म्हणजे हे एक पाणी. ते देऊन झाल्यावर तलावात जे उरते त्यावर बाकीची दुनिया जगते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे मासे, गुरांचे पिणे, कपडे धुण्याचे घाट, विहिरींचा पाझर, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके आणि चिखलात चोच खुपसणारे पाणलावे, सगळे त्या उरलेल्यावर.

वरच्या अंगाचा तो पातळ पाण्याचा काठ तलावाचा जीव आहे. देवधान, म्हणजे रानभात, उगवते ते तिथे. पहिल्या जोरदार पावसात मासे अंडी घालायला चढतात ते तिथेच. मरळ, शिंगी, मागूर यांची पिल्ले वाढतात ती त्याच गवताळ पाण्यात. ढिवर बायका कमळकंद आणि शिंगाडे काढतात तेही खोल पाण्यात शिरून नव्हे, काठाकाठाने. आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की गावातला भूमिहीन माणूस नांगर घेऊन जातो तोही याच काठावर, कारण गाळाची ओली जमीन खताशिवाय पीक देते. भांडण होते ते या पट्टीवरून. तलावाच्या मधल्या खोल पाण्याबद्दल कुणाचा वाद नाही आणि पाळीखालच्या बांध्यांबद्दलही नाही. म्हणून खोऱ्याच्या आराखड्यात तलावाला निळा ठिपका काढून भागत नाही. त्या ठिपक्याभोवतीची बदलती कड काढता आली पाहिजे, आणि आजच्या आराखड्यांत नेमकी तीच सापडत नाही.

ही कड पूर्वी कोण सांभाळत होते, तर मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनमालक. पाळ दुरुस्त करणे, झाडोरा काढणे, गाळ उपसणे, पाण्याच्या पाळ्या लावणे ही कामे त्याच्या देखरेखीखाली होत. त्याचे गोडवे गाण्याची आज एक फॅशन आहे, तिच्यात मला भाग घ्यायचा नाही. पाळीवर पडलेली माती पुष्कळदा वेठीची होती आणि पाणी कुणाला आधी मिळायचे हे जातीवरून आणि ऐपतीवरून ठरायचे. पण कामे होत होती, हे खरे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. भंडारा आणि चांदा तेव्हा त्याच राज्यात होते. मालगुजार गेला ते योग्यच झाले, पण त्याच्या जागी कुणी आले नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे, काठावरची झाडे आणखी कुणाकडे. निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या, हक्काने पाणी घेणारा शेतकरी पाणीपट्टी का भरायची म्हणून अडून बसला आणि पट्टी येत नाही म्हणून खाते दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणू लागले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पाळ मात्र खचत राहिली.

गाळाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, दहा हेक्टरचा तलाव आहे आणि त्यात सरासरी एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर गाळ साचला. तीस हजार घनमीटर पाण्याची जागा गेली. धानाला एका पाळीत तीन इंच पाणी धरले तर हे पाणी शंभर एकरांना एकदा पुरले असते. गळती आणि बाष्पीभवनात निम्मे गेले असे समजले तरी पन्नास एकर धानाचे ते ऑक्टोबरातले एक पाणी त्या गाळाखाली गाडले गेले आहे. म्हणून गाळ काढला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने ही गोष्ट सरकारी अग्रक्रमावर आणली, हे चांगलेच झाले.

चुकते ते काढण्याच्या पद्धतीत. पोकलेनला उतार कळत नाही. त्याला घनमीटर कळतात, कारण बिल घनमीटरवर निघते. तो पाळीच्या पोटाशी उभा राहून खड्डा खणतो, कारण तिथे ट्रॅक्टर लावायला सोपे जाते. पाळीचा पाया उघडा पडतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाझर सुरू होतो. वरच्या अंगाला खणले तर काठाचा मंद उतार जाऊन उभी भिंत तयार होते. माशांना चढायला जागा उरत नाही, पाणवनस्पतींची मुळे गाळाबरोबर शेतात जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बेशरम हे तण फोफावते. तलाव कागदावर खोल झालेला असतो, पाणीही जास्त मावते, पण तो आता नुसता हौद असतो. याला पुनरुज्जीवन म्हणायची माझी तयारी नाही.

दुसऱ्या पद्धतीने काय होते याचा दाखला याच भागात आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थांना बरोबर घेऊन काम केले. बेशरम उपटली, तलावाच्या पोटात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, बाहेरून आणून सोडल्या जाणाऱ्या माशांऐवजी गावच्या माशांकडे लक्ष दिले. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची, कोणत्या माशाला कोणते गवत लागते, हे ज्ञान ढिवरांकडे आधीपासून होते. कुणी विचारले नव्हते, एवढेच. मासे वाढले, पक्षी आले आणि धानाचे पाणी कमी झाले नाही. पाणथळ सुधारली की शेतीला तोटा होतो, हे गृहीतक इथे तरी टिकले नाही.

आता सारस. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे. शेजारी भंडाऱ्यात तुरळक, आणि नदीपलीकडे बालाघाटात काही जोड्या. गोंदियातली संख्या अलीकडच्या गणनांत चाळिशीच्या आसपास आणि पुढे त्याहूनही खाली घसरलेली. जवळजवळ माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी घरटे करतो ते भर पावसाळ्यात, बहुधा धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या देवधानात. उभे धान आणि गवत ओढून तो पाण्यावर ढीग रचतो, दोन मीटर रुंदीचा. त्यावर बहुधा दोन अंडी. महिनाभर नर आणि मादी पाळीपाळीने बसतात.

ज्याच्या बांधीत हे घरटे होते त्याचे किती जाते? घरट्याची आणि त्याभोवती तुडवलेल्या धानाची जागा पंचवीस चौरस मीटर धरू. एकरी वीस क्विंटल उतारा असेल तर तेवढ्या जागेतले धान भरते बारा किलो. बारा किलोंसाठी कुणी सारस हाकलत नाही, आणि इथला शेतकरी एरवीही हाकलत नव्हताच. अडचण पुढे येते. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक फवारायचे असते, आणि फवारणारा घरट्यापाशी जाणारच. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागते, पण उडायला त्याला तीन महिने लागतात. उशिरा घातलेल्या घरट्यातले पिल्लू कापणीच्या वेळी अजून पायीच असते. पूर्वी विळ्याने कापणी व्हायची, तेव्हा त्याला सरकायला आठ-दहा दिवस मिळत. हार्वेस्टर एका दुपारी शिवार साफ करतो. शिवाय शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा आहेतच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर जिल्हा पातळीवर समित्या झाल्या. स्थानिक सारसमित्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरटी राखत आले आहेत.

सारसाने नियोजनकर्त्यासमोर ठेवलेला पेच नीट पाहिला पाहिजे. त्याला अभयारण्य करून देता येत नाही, कारण त्याचे घर लोकांच्या खाजगी सातबाऱ्यावर आहे. त्याला धान हवे आहे, पण पाणी उभे असलेले. धानाच्या जागी दुसरे पीक आले, बांधीत प्लॉट पडले, किंवा तलाव आटून खालची शेती बोअरवेलवर गेली, तर सारस जाईल. म्हणजे या पक्ष्यासाठी शेतजमीन टिकवणे हेच पाणथळ टिकवणे आहे. या खोऱ्यात मला सर्वांत बोलका वाटलेला मुद्दा हा. पर्यावरणवाद्यांच्या सभांत तो फारसा ऐकू येत नाही आणि कृषी खात्याच्या बैठकीत तर अजिबात नाही.

कायद्याने तर आणखी गोंधळ करून ठेवला आहे. १९७१ च्या रामसर करारात माणसाने बांधलेले जलसाठे पाणथळ म्हणून धरलेले आहेत. भारत १९८२ पासून या कराराचा सदस्य आहे. २००८ साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉन इथे झालेल्या परिषदेने भातशेतीलाही पाणथळ परिसंस्था म्हणून मान्यता देणारा ठराव केला. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र व्याख्येतूनच भातशेते वगळली आहेत, नद्यांची पात्रे वगळली आहेत आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठेही वगळले आहेत. शेतकऱ्याला उगीच जाच नको, हा हेतू असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण वैनगंगेच्या खोऱ्यात याचा अर्थ काय होतो? मामा तलाव सिंचनासाठी बांधलेला, म्हणून तो पाणथळ नाही. त्याखालची बांधी भातशेती, म्हणून तीही नाही. नदीचे पात्र तर नाहीच. मग उरले काय? आणि गंमत अशी की महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर, हेही गोदावरी-कादवा संगमावर कालव्यांसाठी घातलेल्या बंधाऱ्यामागचेच पाणी आहे. तिथे कालव्याचे पाणी, बागायतदारांची शेते, गाळ, पुराचा फुगवटा आणि स्थलांतरित पक्षी एकाच पातळीवर भांडतात.

खोऱ्याच्या पातळीवर विचार करायचा म्हटले तर कागदांची वाण नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात राज्याची पंचवीस उपखोऱ्यांत विभागणी करून उपखोरेनिहाय नियोजनाचा आग्रह धरला. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले आणि एकात्मिक राज्य जल आराखडा करणे सरकारवर बंधनकारक झाले. पण प्रत्यक्षात खोऱ्याचा आराखडा म्हणजे मोठ्या प्रकल्पांची बेरीज, असेच आजही चालते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली तेव्हा अपेक्षित खर्च ३७२ कोटी होता आणि उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टर ओलिताचे. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला. या प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचे पाणी आसोलामेंढा या जुन्या तलावात घेण्याची योजना आहे, म्हणजे मोठे धरण आणि जुना तलाव यांना जोडण्याची कल्पना अभियंत्यांना सुचली नाही असे नाही. दुसरीकडे याच धरणाच्या फुगवट्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे येऊन साचते. शहराने नदीत काय सोडले हे खोऱ्याच्या नियोजनात धरायचे नसेल तर काठच्या शेतकऱ्याला पाणथळ जपायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दमधून १७७२ दलघमी पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्याने बुलढाण्यापर्यंत न्यायचे आणि नागपूर, वर्धा आणि पश्चिम विदर्भातली ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजवायची, असा तो बेत आहे. पश्चिम विदर्भाला पाणी मिळू नये असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल, ते मी म्हणत नाही. माझा आक्षेप ‘अतिरिक्त’ पाणी कसे मोजले यावर आहे. खोऱ्याच्या गरजा वजा करून उरते ते अतिरिक्त. त्या गरजांत पिणे, सिंचन आणि उद्योग असतात. सहा-सात हजार तलाव दुरुस्त झाले तर ते किती पाणी धरतील, त्यांचे काठ किती दिवस ओले राहायला हवेत, उन्हाळ्यात नदीत वाहते पाणी किती लागेल, हे रकाने भरल्याशिवाय केलेली वजाबाकी घाईची आहे. गोदावरी लवादाने १९८० मध्ये राज्याराज्यांतली वाटणी ठरवून दिली, ती टीएमसीत. टीएमसीच्या भाषेत काठ बसत नाही, हे खरे, पण म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवायचा का?

घाईने केलेले पुनरुज्जीवन कसे अंगाशी येते हे कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांमधल्या कोल्लेरू सरोवरात दिसले. तिथल्या सरकारनेच १९७० च्या दशकात गरिबांना सरोवराच्या पोटातली जमीन दिली आणि सहकारी संस्था काढून मत्स्यशेतीला लावले. पुढे बड्या मंडळींची तळी झाली. १९९९ मध्ये पाच फुटांच्या समपातळी रेषेपर्यंत अभयारण्य जाहीर झाले, २००२ मध्ये रामसरचा दर्जा आला आणि २००६ मध्ये यंत्रे लावून तळ्यांचे बांध फोडले. सरोवर मोकळे झाले, पण ज्याच्याकडे सरकारी पट्टा होता तो गरीब आणि ज्याने शेकडो एकर बळकावले तो श्रीमंत, दोघांना एकच रेषा लावली गेली. नंतर वर्षानुवर्षे ती रेषा खाली आणण्याची मागणी होत राहिली आणि तळी पुन्हा पुन्हा उगवत राहिली. नकाशावर एक पक्की रेषा ओढून प्रश्न सुटतो, हा समज तिथे खोटा ठरला.

म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात रेषेऐवजी पातळ्या आणि तारखा ठरवाव्यात, असे माझे मत आहे. प्रत्येक तलावात मोजपट्टीचा दगड रोवावा आणि त्यावर तीन खुणा असाव्यात. पहिली पूर्ण भरल्याची. दुसरी, जिच्याखाली पाणी गेले की उन्हाळी धानाला तोंड उघडायचे नाही. तिसरी, मे अखेर मासे आणि गुरे यांच्यासाठी काहीही झाले तरी राखायची. काठावर गाळपेर करणाऱ्या भूमिहीनांना हुसकून लावू नये. पाणी उतरल्यावर त्यांनी पेरावे, पण बांध घालू नये, रसायने टाकू नयेत आणि मृगाच्या आत जागा मोकळी करावी, अशा अटींवर ग्रामसभेने त्यांना लेखी परवानगी द्यावी. जो काठावर पक्का धुरा घालून बारमाही शेत करतो त्याची गोष्ट वेगळी, त्याला उठवलेच पाहिजे. गावोगाव या दोघांतला फरक सगळ्यांना ठाऊक असतो. मोजणीच्या नकाशात तो दिसत नाही, इतकेच.

यात कुणाचेच नुकसान नाही, असे सांगून मी वाचकाला फसवणार नाही. दुसरी खूण पाळली तर काही शेतकऱ्यांचे उन्हाळी धान जाईल. ते शेतकरी हट्टी म्हणून उन्हाळी धान घेत नाहीत. धानाला हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे, बोनसची आशा आहे. लाखोळीला हमीभावच नाही. हरभरा, जवस पिकवले तर विकायला व्यापाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. जोवर खरेदीचे धोरण धानाकडे ओढते आहे तोवर तलावाचे पाणी जानेवारीतच उपसले जाणार, मग आराखड्यात काही लिहा. खोऱ्याच्या नियोजनात पणन खात्याला बोलावले पाहिजे, असे मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण तलावाची पातळी ठरवण्यात पाटबंधारे खात्याइतकाच त्याचाही हात आहे.

पुढच्या लेखांत एकेक तलाव, एकेक गाव आणि एकेक भांडण सविस्तर आले आहे. काही लेखकांची मते माझ्याशी जुळत नाहीत. एकाला गाळपेर पूर्ण बंद हवी आहे, दुसऱ्याला मासेमारीचा ठेकाच रद्द व्हायला हवा आहे. ती मते तशीच ठेवली आहेत.

ज्या वाचकाच्या गावात मामा तलाव आहे त्याला एक विनंती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रकाची तरतूद आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची. गावातल्या सामाईक जमिनी आणि पाणी यांच्या वापराच्या रूढी या कागदांत नोंदवायच्या असतात. तहसील कार्यालयातून आपल्या गावाच्या नोंदींची नक्कल मागून घ्यावी, आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘तलावाची पातळी’ हा विषय लेखी द्यावा. तो रोवणीच्या आधी द्यावा, कारण पाळी लागल्यावर तो ऐकायला कुणाला सवड नसते.